रक्ताची ठेव

ला प्लाता शहरातल्या बहुतेक रस्त्यांना नावं नाहीत, आकडे आहेत. १८८२ साली आधी कागदावर आखून मग वसवलेलं हे शहर. ब्युनोस आयर्सपासून तासाभराच्या अंतरावर. सरळ चौकोन, त्यांना तिरके छेदत जाणारे कर्णरस्ते आणि रस्त्यांच्या कडेने लिंडनची झाडं. तिकडचे ऋतू आपल्या उलट. नोव्हेंबर संपत आला की उन्हाळ्याची चाहूल लागते, लिंडन फुलू लागतात आणि त्यांचा गोडसर वास गल्लीबोळांत रेंगाळत राहतो. १९७६ सालातली २४ नोव्हेंबर ही तारीख याच दिवसांतली.

तीस क्रमांकाच्या रस्त्यावर ११३४ नंबरचं एक बैठं घर होतं. आजही आहे. तिथे दियाना तेरुजी आणि दानिएल मारियानी हे तरुण जोडपं राहायचं, आणि १२ ऑगस्टला जन्मलेली त्यांची मुलगी, क्लारा आनाई. मागच्या अंगणात सशांची खुराडी होती. सशाचं मांस व्हिनेगरमध्ये मुरवून विकायचा घरगुती धंदा, एवढंच शेजारपाजाऱ्यांना ठाऊक. पण घराच्या मागच्या अंगाला एक खोटी भिंत उभी केलेली होती आणि तिच्या पलीकडे छापखाना चालायचा. मोन्तोनेरोस या सशस्त्र संघटनेचं नियतकालिक तिथे छापलं जाई. मार्चमध्ये लष्कराने सत्ता बळकावली होती आणि असला कागद नुसता जवळ बाळगणंही जिवावर बेतणारं होतं.

त्या दुपारी पोलीस आणि लष्कराने घराला वेढा घातला. कित्येक तास गोळीबार चालला, जड शस्त्रं आणली गेली, रस्त्याकडची भिंत फोडली गेली. आत असलेली पाचही मोठी माणसं मारली गेली. दियाना मुलीला कवटाळून परसात धावली आणि लिंबोणीच्या झाडापाशी कोसळली. दानिएल कामासाठी ब्युनोस आयर्सला गेला होता म्हणून त्या दिवशी वाचला. आठ महिन्यांनी, १९७७ च्या ऑगस्टमध्ये, त्यालाही गाठून मारलं.

त्या संघटनेबद्दल, तिच्या बंदुकांबद्दल, तिच्या राजकारणाबद्दल वाद घालता येईल, आणि अर्जेंटिनात तो अजून चालू आहे. तीन महिन्यांच्या मुलीबद्दल कसला वाद घालणार?

दानिएलची आई मारिया इसाबेल चोरोबिक दे मारियानी. सगळं गाव तिला चिचा म्हणायचं. मुलींच्या शाळेत कलेचा इतिहास शिकवणाऱ्या बाई, वय त्रेपन्न, एकुलता एक मुलगा, एकुलती एक नात. आधी त्यांना सांगण्यात आलं, की मूलही त्या घरात गेलं. मग कुणी दबक्या आवाजात, कुणी ओझरतं सांगू लागलं, की नाही, मूल जिवंत बाहेर नेलं होतं. कोणी नेलं, कुठे नेलं, याचं उत्तर पोलीस ठाण्यात मिळेना, कोर्टात मिळेना, चर्चमध्ये मिळेना. चिचा त्या दिवसापासून नातीला शोधू लागल्या आणि २०१८ च्या ऑगस्टमध्ये, वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी, शोधता शोधता वारल्या. क्लारा आनाई त्यांना भेटली नाही.

बेचाळीस वर्षं. या आकड्यापाशी मी नेहमी अडखळते. माझ्या मुलीची मुलगी तीन महिन्यांची असताना तिला रोज न्हाऊ-माखू घालायचं काम माझ्याकडे होतं. पायांवर पालथं घालून पाठीला तेल जिरवायचं, टाळू भरायची, मग गरम पाण्याचा तांब्या. तीन महिन्यांचं मूल म्हणजे काय, ते तेव्हा हातांना कळतं. मान नुकती धरलेली असते, तरी मध्येच डुगडुगते. ओळखीच्या आवाजाकडे डोळे वळतात. आपण बोललो की ते हुंकार देतं आणि पुन्हा बोलायची वाट बघतं. बोट दिलं की घट्ट धरतं. पण त्याला आपलं नाव माहीत नसतं, घर माहीत नसतं, पुढे कधी आठवेल असं काहीच त्याच्यापाशी नसतं. उचलून नेलं तर ते जिथे जाईल तिथलं होऊन जातं. पाच वर्षांचं मूल हरवलं तर ते निदान आईचं नाव सांगेल, गल्लीतलं देऊळ सांगेल. हे मूल काय सांगणार? त्याच्या वतीने सगळं सांगणारी, सगळं लक्षात ठेवणारी एकच व्यक्ती उरलेली, आणि ती म्हातारी होत चाललेली.

अर्जेंटिनाच्या त्या काळात माणसं ‘बेपत्ता’ केली जात. हा शब्द तिथे क्रियापदासारखा वापरला जाऊ लागला: अमक्याला बेपत्ता केलं. बिननंबरच्या गाड्या यायच्या, घरातून, कारखान्यातून, रस्त्यावरून माणूस उचलायच्या. अटकेची नोंद नाही, खटला नाही, प्रेत नाही. ब्युनोस आयर्समधल्या नौदलाच्या यंत्रशाळेसारख्या जागी छळछावण्या होत्या. कित्येकांना गुंगीचं औषध टोचून विमानातून नदीत नाहीतर समुद्रात फेकलं. लोकशाही आल्यावर नेमलेल्या आयोगाने जवळजवळ नऊ हजार माणसांची नोंद केली. मानवी हक्कांच्या संघटना तीस हजार म्हणतात. १९७९ मध्ये पत्रकारांनी विचारलं तेव्हा लष्करशहा विदेलाने बेपत्ता माणूस कसा ना मेलेला असतो ना जिवंत, तो कसा नसतोच, हे शांतपणे समजावून सांगितलं होतं. आपल्याकडे मेलेल्या माणसाचे दिवस तरी करता येतात. दहावा होतो, तेरावा होतो, वर्षश्राद्ध होतं, घर हळूहळू पुन्हा रांगेला लागतं. ज्याचं काहीच कळलेलं नाही त्याचे दिवस कसे करायचे?

१९७७ च्या ३० एप्रिलला चौदा बायका राष्ट्राध्यक्षांच्या वाड्यासमोरच्या प्लासा दे मायो या चौकात जमल्या. मुलांचा पत्ता विचारायला आल्या होत्या. जमावबंदी होती, पोलीस म्हणाले, घोळका करू नका, चालत राहा. मग त्या दोघी-दोघी हात धरून चौकातल्या स्तंभाभोवती चालू लागल्या. पुढे गुरुवार ठरला, दुपारी साडेतीन. एकमेकींना ओळखता यावं म्हणून डोक्याला बाळाचं पांढरं लंगोट रुमालासारखं बांधायचं ठरलं. घरोघरी एखादं तरी जपून ठेवलेलं होतंच. त्यांना एकत्र आणणारी असुसेना व्हियाफ्लोर हिला त्याच वर्षी डिसेंबरात उचलून नेलं. भावाला शोधतो आहे असं सांगून त्यांच्यात मिसळलेला एक तरुण नौदलाचा अधिकारी निघाला, त्याने दगा दिला. तिचं प्रेत समुद्राने किनाऱ्यावर आणून टाकलं होतं आणि कुठल्याशा गावच्या दफनभूमीत ते बेवारस म्हणून पुरलं गेलं होतं, हे कळायला २००५ साल उजाडलं. तेव्हा तिची रक्षा त्याच चौकात, त्याच स्तंभाच्या पायथ्याशी पुरली.

चिचा एकट्याच वणवण करत होत्या. बालन्यायालयातल्या एका बाईंनी त्यांना सुचवलं, की याच शहरात आणखी एक आजी अशीच फिरते आहे, तिला भेटा. त्या आजी म्हणजे अलिसिया दे ला क्वाद्रा, सगळ्यांच्या लिचा. लिचांची मुलगी एलेना गरोदर असताना पकडली गेली होती आणि कोठडीतच बाळंत झाली होती. सुटून आलेल्या कैद्यांनी सांगितलं: मुलगी झाली, एलेनाने तिचं नाव आना लिबेर्ताद ठेवलं, आणि काही दिवसांत मूल तिच्यापासून काढून घेतलं. अशा कितीतरी गरोदर मुली छावण्यांमध्ये होत्या. बाळंत होईपर्यंत त्यांना जिवंत ठेवायचे. मग मूल लष्करातल्या, पोलिसातल्या, त्यांच्या ओळखीपाळखीतल्या घरी जायचं, खोट्या जन्मदाखल्यासह, आणि आईला मारून टाकायचे. अशी मुलं पाचशेच्या आसपास असावीत, असा आज्यांचा हिशेब.

१९७७ च्या अखेरीस अशा बारा आज्यांनी संघटना उभी केली. ब्युनोस आयर्समधल्या लास वियोलेतास नावाच्या जुन्या कॅफेत त्या जमायच्या. रंगीत काचांच्या खिडक्या, संगमरवरी टेबलं, चहा, केक. टेहळणी करणारे लोक आसपास असायचेच, म्हणून कुणाचा तरी वाढदिवस आहे असं दाखवायचं. वेटर जवळ आला की वाढदिवसाचं गाणं म्हणायचं. फोनवर नातवंडांसाठी सांकेतिक शब्द. पोपना भेटायचं तर ‘गोऱ्या माणसाला’ भेटायचं. कुणी बालवाडीच्या फाटकाशी उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्या मुलांचे चेहरे न्याहाळी. कुणी काहीतरी विकायला म्हणून संशय असलेल्या घरची बेल वाजवी. या सगळ्या साध्यासुध्या गृहिणी, शिक्षिका. साठीकडे झुकलेल्या. शिकून, वाचून, सराव करून असलं काम करता येत नाही. ते त्यांना का जमलं, हे मला कळतं.

पण मूल दिसलं तरी पुढे काय? हेच ते मूल, हे कसं सिद्ध करणार? बाप नाही, आई नाही, त्यांची प्रेतंसुद्धा नाहीत. कागद सगळे खोटे. नाक आजोबांसारखं आहे, भुवई मामासारखी आहे, एवढ्यावर कोणतं न्यायालय मूल हाती देईल?

इथून या गोष्टीला जे वळण लागतं त्यासाठी मी मुळात हे लिहायला बसले. चिचांनी एकदा वर्तमानपत्रात बातमी वाचली. पितृत्व नाकारणाऱ्या कुण्या माणसाचं रक्त तपासून तोच बाप असल्याचं ठरवलं होतं. त्यांच्या मनात प्रश्न आला: बापाचं रक्त नसेल, तर आजीचं चालेल का? असा प्रश्न तोवर कुठल्या शास्त्रज्ञाने विचारलेला नव्हता, कारण तसं विचारायची वेळ कुणावर आली नव्हती. आज्या तो प्रश्न पदरात बांधून देशोदेशी हिंडल्या. रुग्णालयं, विद्यापीठं, परिषदा. ‘आम्हाला सांगता येत नाही’ हे उत्तर त्यांनी किती भाषांत ऐकलं असेल! १९८२ मध्ये न्यूयॉर्कला त्यांना व्हिक्टर पेन्चासादे भेटले, स्वतः अर्जेंटिनातून परागंदा झालेले आनुवंशिकीतज्ज्ञ. त्यांनी पुढची दारं उघडली. बर्कलीच्या मेरी-क्लेअर किंग या तरुण शास्त्रज्ञ बाईंनी आणि इतरांनी गणित मांडलं: मधली पिढी गायब असली तरी चारी आजी-आजोबांच्या, मामा-मावश्यांच्या रक्तावरून नातं ठरवता येतं, आणि खात्री ९९.९ टक्क्यांच्या पुढे जाते. त्या गणिताला नाव पडलं, आजीपणाचा निर्देशांक. १९८४ मध्ये त्याच्या आधारावर पहिली मुलगी आपल्या आजीच्या घरी परत आली. किंगबाईंनी पुढे आईकडून मुलांकडे जसाच्या तसा उतरणारा मायटोकॉन्ड्रियातला डीएनए या कामी लावला. आईची आई, मावशी, मामा, कुणीही एक हयात असलं तरी धागा सापडतो.

चिचा मात्र वडिलांकडची आजी. हा धागा त्यांच्याकडून नातीकडे जात नाही. तो दियानाच्या आईकडून गेलेला. पण निसर्गाने तिथे दुसरी सोय करून ठेवली आहे. मुलीकडे दोन एक्स गुणसूत्रं असतात, एक आईचं आणि एक वडिलांचं. वडिलांकडे एक्स एकच, आणि ते त्यांना त्यांच्या आईकडून मिळालेलं. म्हणजे क्लारा आनाई जिथे कुठे आहे, जे कुठलं नाव लावून जगते आहे, तिथे तिच्या शरीरातल्या पेशींमध्ये चिचांकडून आलेलं एक अख्खं गुणसूत्र आहे. तिचे जन्मदाखले बदलता आले, आडनाव बदलता आलं, वाढदिवससुद्धा बदलता आला असेल. हे बदलता आलेलं नाही. शाळेत जीवशास्त्राच्या तासाला हे सगळे एक्स-वाय मीही शिकले होते, आणि परीक्षा झाल्यावर विसरलेही होते. त्या आकृतीत एवढी माया दडलेली असेल, असं तेव्हा वाटलं नव्हतं.

१९८७ मध्ये आज्यांनी कायदा करवून घेतला आणि राष्ट्रीय आनुवंशिक माहिती बँक स्थापन झाली. बँक म्हणजे खरोखरची बँक, फक्त ठेव रक्ताची. आज्या रांगेने आल्या, बाही वर केली, नळ्या भरल्या गेल्या, चिठ्ठ्या चिकटवल्या गेल्या. कायद्यात लिहून ठेवलं, की हे नमुने निदान २०५० सालापर्यंत जपायचे. ही तारीख मला थक्क करते. १९८७ मध्ये चिचा चौसष्ट वर्षांच्या झाल्या. २०५० मध्ये आपण नसू, हे तिथल्या प्रत्येक आजीला लख्ख ठाऊक होतं. तरी त्यांनी ती तारीख घातली. रडायला आणि देवाला कौल लावायला त्यांना कुणी अडवलं नव्हतं, ते त्यांनी केलंही असेल. पण त्याच वेळी त्या शांत डोक्याने अशी तजवीज करत होत्या, की शोधणारी गेली तरी शोध चालू राहावा.

मुलं मोठी झाली तसा त्यांनी शोधाचा रोखही बदलला. आता ती विशी-पंचविशीची. त्यांना शोधत फिरण्यापेक्षा त्यांनीच आपल्याला शोधावं. तू कोण आहेस, तुला खात्री आहे का, अशा अर्थाच्या जाहिराती निघाल्या, नाटकं झाली, गाण्यांच्या मैफली झाल्या. आणि १९९८ च्या सुमारास सुरू झालेलं एक काम तर मला सगळ्यांत जवळचं वाटतं. विद्यापीठातल्या मुलामुलींना हाताशी धरून आज्यांनी प्रत्येक हरवलेल्या नातवंडासाठी आठवणींची पेटी भरायला घेतली. आजी, मामा, आईच्या मैत्रिणी, बापाचे कारखान्यातले सोबती यांच्या आवाजात ध्वनिमुद्रित केलेलं सगळं. तुझी आई कशी हसायची, बापाला कोणता फुटबॉल संघ आवडायचा, दोघं कुठे भेटली, भांडायची कशावरून. नातवंड सापडेल तेव्हा सांगणारी आजी हयात नसली तर, म्हणून हे. चिचांनीही क्लारा आनाईसाठी जाहीर पत्र लिहिलं. त्यात आपल्या घराण्याची ओळख करून दिली: एक आजोबा संगीतातले, दुसरे शास्त्रज्ञ, आईला साहित्याचं वेड, वडील अर्थशास्त्र शिकलेले. म्हणजे तुला जर चित्रं, गाणी, पुस्तकं, दगडधोंडे, झाडंपानं यांची ओढ वाटत असेल, तर ती कुठून आली हे तुला कळावं.

वाढलेल्या मुलांचं जग असं ढवळून काढावं का, असं विचारणारे तिथेही होते, इथेही कुणी विचारेल. ज्यांनी सांभाळलं, शिकवलं, त्यांच्यावर जीव जडलेला असतो. काही नातवंडांनी रक्त द्यायला नकार दिला, काही वर्षानुवर्षं घुसमटली, आणि त्यांच्या त्रासाबद्दल माझ्या मनात कळवळाच आहे. पण चोरी चोरीच राहते, लाड करून ती पुसली जात नाही. ज्याच्या आईला मारून त्याला उचललं, त्या माणसाला ते माहीत असण्याचा हक्क आहे. न्यायालयांनीही शेवटी तेच म्हटलं. माफीचे कायदे झाले, दयेचे अध्यादेश निघाले, तरी मुलांची चोरी त्या माफीत बसत नव्हती. त्याच गुन्ह्यासाठी विदेलाला पुन्हा अटक झाली, आणि २०१२ मध्ये, मुलं पळवणं ही पद्धतशीर योजना होती असं ठरवून, न्यायालयाने त्याला पन्नास वर्षांची शिक्षा दिली.

२०१५ च्या नाताळच्या आदल्या दिवशी बातमी आली: क्लारा आनाई सापडली. एक बाई चिचांना भेटायला आल्या होत्या, खासगी प्रयोगशाळेचा अहवाल घेऊन. चिचा ब्याण्णव वर्षांच्या, दृष्टी जवळजवळ गेलेली. दोघींनी मिठी मारली, फोटो निघाले, देशभर लोक रडले. दुसऱ्याच दिवशी सरकारी वकिलांनी खुलासा केला: राष्ट्रीय बँकेने या बाईंचं रक्त आधीच तपासलं होतं आणि ते जुळत नव्हतं. मी हे वाचलं तेव्हा पुढचा बराच वेळ दुसरं काही करू शकले नाही. एकोणचाळीस वर्षांनी कुशीत आलेली नात एका रात्रीत परकी झाली. आणि ती परकी आहे हे सांगितलं कोणी? चिचांनीच विचारलेल्या प्रश्नातून उभ्या राहिलेल्या बँकेने. त्यांनी ते मानलं. दुखलं असेल, किती ते त्यांनाच माहीत. पण खोट्या नातीपाशी त्या थांबल्या नाहीत, पुन्हा खऱ्या नातीला हाका मारू लागल्या.

तीस नंबरच्या रस्त्यावरचं घर त्यांनी डागडुजी न करता जपलं. मी ते फक्त फोटोंत पाहिलं आहे. दर्शनी भिंतीला पडलेलं भगदाड तसंच आहे. गॅरेजमध्ये सित्रोएन गाडी उभी आहे, पत्रा गोळ्यांनी चाळण झालेला. मागे परसात लिंबोणी. शाळेची मुलं तिथे सहलीला येतात आणि कुणीतरी त्यांना सगळं समजावून सांगतं.

लिचाही नातीला न भेटताच गेल्या, २००८ साली. पण त्यांच्या कुटुंबाचं रक्त बँकेत होतं. २०१४ च्या ऑगस्टमध्ये त्याच बँकेतून कळलं, की युरोपात राहणारी एक सदतीस वर्षांची बाई म्हणजे आना लिबेर्ताद. तिला स्वतःलाच शंका येत होती. तिनेच नमुना दिला. आईने ठेवलेलं नाव कोठडीच्या भिंतींमधून सुटून आलेल्या बायकांनी बाहेर आणलं होतं, आजीने ते सदोदित उच्चारत जपलं होतं, आणि आजी गेल्यावर सहा वर्षांनी ते जिचं तिला पोचलं. त्याच महिन्यात, थोडे दिवस आधी, संघटनेच्या अध्यक्ष एस्तेला दे कार्लोत्तो यांचा नातूही सापडला होता. छत्तीस वर्षांचा, पियानो वाजवणारा. एस्तेला तेव्हा त्र्याऐंशी वर्षांच्या होत्या, त्यांना तो भेटला. २०२५ च्या जुलैमध्ये संघटनेने १४० वं नातवंड जाहीर केलं. हिशेबाने अजून तीनशेहून अधिक उरतात. ती आता पन्नाशीच्या आसपासची आहेत. त्यांना मुलं असतील, काहींना नातवंडंही.

क्लारा आनाईही त्यांतलीच. ती अर्जेंटिनातच असेल असंही नाही. माणसं कामाधंद्यासाठी, लग्नासाठी कुठेही जातात. म्हणून परदेशात राहणाऱ्यांसाठी अर्जेंटिनाच्या वकिलातींमधून रक्ताचा नमुना पाठवायची सोय केलेली आहे. बोटाला सुई टोचून थेंबभर रक्त कागदावर घ्यायचं, लिफाफा बंद करायचा, तो ब्युनोस आयर्सच्या बँकेत जातो आणि तिथल्या प्रत्येक कुटुंबाशी ताडून पाहिला जातो. अशी वकिलात मुंबईतही आहे.